ट्रक मागे लावताना दरवेळी तिरका बसतो? बिघाड रिव्हर्सच्या आधीच झालेला असतो

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलला संध्याकाळी अर्धा तास उभे राहा, हे दृश्य हमखास दिसेल. दहा चाकी गाडी रिकाम्या जागेसमोर येते, थांबते आणि लगेच रिव्हर्स पडतो. क्लीनर मागे धावतो, "आन दे, आन दे" सुरू होतं. गाडी अर्धी आत जाते आणि अडते. डावा मागचा कोपरा शेजारच्या गाडीला टेकायला आलेला असतो आणि उजवीकडे हातभर जागा मोकळी पडलेली असते. मग पुढे, परत मागे, परत पुढे. चौथ्या-पाचव्या खेपेला गाडी कशीबशी आत जाते, पण तिरकी. ड्रायव्हर घामाघूम होतो आणि मागे हॉर्नची रांग लागते. नव्या पोरांचं हे होतंच, पण हायवेला दहा-दहा वर्षं काढलेली माणसंही इथे अडकतात.

मी २८ वर्षं ट्रक चालवला. आता आमच्या ट्रान्सपोर्टमधल्या नव्या ड्रायव्हरांना गाडी लावायला शिकवतो. तक्रार ठरलेली असते, "काका, मागे घेताना गाडी ऐकतच नाही." मी त्यांना रिव्हर्स घ्यायला सांगतच नाही. आधी पुढून येऊन जागेसमोर थांबायला सांगतो, मग खाली उतरवतो आणि गाडीभोवती फिरवतो. गाडी कुठे उभी आहे, मागचं टोक कुठे बघतंय, पुढची चाकं सरळ आहेत की वळलेली, हे बघायचं. बहुतेक वेळा बिघाड इथेच सापडतो, रिव्हर्स गियर पडायच्या आधी.

थोडा हिशेब मांडतो, म्हणजे मी इतका हट्ट का धरतो ते कळेल. नियमाने ट्रकची रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर आणि सलग चेसिसच्या ट्रकची लांबी १२ मीटरपर्यंत चालते. आमच्या यार्डात एका गाडीची पट्टी ३.५ मीटरची आहे. म्हणजे गाडी बरोबर मधोमध बसली तर दोन्ही बाजूंना ४५-४५ सेंटिमीटर उरतात. आता गाडी फक्त ३ अंश तिरकी धरा. नुसत्या डोळ्यांना एवढा कल कळतही नाही. पण १२ मीटर लांबीत तेवढ्यानेच एक टोक दुसऱ्या टोकाच्या मानाने ६३ सेंटिमीटर बाजूला जातं, दोन फुटांहून जास्त. तोंडाशी मधोमध असलेली गाडी आत जाईपर्यंत शेजारच्याला घासते ती अशी. हा तिरकेपणा आत शिरल्यावर काढायचा म्हटलं तर जागाच नसते. तो बाहेरच काढावा लागतो.

जागा उजवीकडे असताना

जमेल तेव्हा उजवीकडची जागा धरा. आपण उजवीकडे बसतो, खिडकीतून मान काढली की उजवा मागचा टायर डोळ्यांनी दिसतो. डावीकडचं सगळं आरशाच्या भरवशावर. त्यासाठी यार्डाला एक वळसा जास्त पडला तरी घ्या. त्या वळशाची दोन मिनिटं पाच खेपांपेक्षा कमीच असतात.

रांगेतल्या गाड्यांच्या तोंडांपासून चार-पाच फूट अंतर ठेवून हळू पुढे या. जाता जाताच जागा नीट बघून घ्या. खड्डा, गटाराचं उचललेलं झाकण, सळई, झोपलेलं कुत्रं, वर लोंबणारी वायर, काय असेल ते. नंतर हे दिसणार नाही. आपला खांदा रिकाम्या जागेच्या साधारण मध्यावर आला की स्टेअरिंग डावीकडे काटा. इथे एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. पुढचं नाक डावीकडे वळतं तेव्हा मागच्या चाकांच्या मागे लोंबणारी बॉडी उजवीकडे फेकली जाते. चार-पाच फूट अंतर ठेवायला सांगितलं ते याचसाठी. त्याहून जवळून गेलात तर फाळक्याचा, म्हणजे बॉडीच्या मागच्या झडपेचा, कोपरा उभ्या गाडीला लागलाच म्हणून समजा.

गाडी साधारण ४५ अंशांत आली की चाकं सरळ करा आणि तसंच थोडं पुढे जा. उजव्या आरशात जागेचं तोंड पूर्ण दिसायला लागलं की थांबा. पूर्ण म्हणजे दोन्ही बाजूंच्या गाड्यांचे कोपरे. एकच कोपरा दिसत असेल तर अजून पुढे जायला हवं. पुढे जायला जागा नसेल तर कोन चुकलाय, परत या. इथे परत येण्यात काहीच जात नाही, अजून कुणाला लागलेलं नसतं.

आता मागे. सलग ट्रकमध्ये स्टेअरिंग उजवीकडे काटलं की मागचं टोक उजवीकडेच जातं, यात गोंधळ नाही. नजर उजव्या मागच्या टायरवर ठेवा. ज्या शेजारच्या गाडीला आपण शेवटी ओलांडलं, तिच्या पुढच्या कोपऱ्याजवळून हा टायर दीड-दोन फुटांवरून आत गेला पाहिजे. इथेच पोरं घाबरतात. तो कोपरा डोळ्यांसमोर मोठा मोठा होत येतो, मग ती स्टेअरिंग सोडतात आणि गाडी कोपऱ्यापासून लांब नेतात. उजवीकडे वाचवलेली ती जागा डावीकडून कापली जाते, आणि डावीकडे काय चाललंय ते दिसत नसतं. म्हणून ठोकर नेहमी डाव्या मागच्या कोपऱ्याला बसते. दिसणाऱ्या कोपऱ्याच्या जवळ राहायची सवय लावा, न दिसणाऱ्याला आपोआप जागा मिळते.

दुसरी चूक सरळ करण्याच्या वेळेची. गाडी आरशात सरळ दिसल्यावर पोरं स्टेअरिंग फिरवायला घेतात. पण फुल्ल काटलेली चाकं सरळ व्हायला स्टेअरिंगचे दोन-तीन राउंड लागतात, आणि तेवढ्या वेळात गाडी वळतच राहते. म्हणून बॉडीची रेघ आणि शेजारच्या गाडीची रेघ यांच्यात अजून थोडा कोन बाकी असतानाच स्टेअरिंग परत आणायला लागा. किती बाकी असताना, हे गाडीच्या व्हीलबेसवर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरावर, ठरतं. लांब गाडी उशिरा ऐकते आणि उशिरा थांबते. हे सांगून येत नाही, रिकाम्या यार्डात दहा-वीस वेळा करूनच हातात बसतं.

या सगळ्यात समोरचं विसरायचं नाही. मागचं टोक उजवीकडे जातं तसं नाक डावीकडे झाडू फिरवल्यासारखं मोठा घेर घेतं. समोरच्या रांगेत एखादा टेम्पो उभा असेल तर आपला डावा बंपर त्याला जाऊन भिडतो, आणि ड्रायव्हर बिचारा मागेच बघत असतो. दर चार-पाच फुटांनी एक नजर पुढे, एक डाव्या आरशात.

वेग गाडीच्या स्वतःच्या आयडलिंगवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, जेवढा येईल तेवढाच. ताशी ५ किलोमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण तो सेकंदाला जवळजवळ १.४ मीटर होतो. क्लीनरने "बस" म्हटल्यावर ते कानावर पडून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर वर सांगितलेले ४५ सेंटिमीटर तीनदा संपले.

जागा डावीकडेच असेल तर

मुंबईत पर्याय नसतो असं बरेचदा होतं. एकेरी रस्ता, गल्लीचं तोंड एकाच बाजूला, आणि अवजड वाहनांच्या बंदीची वेळ सुरू व्हायला वीस मिनिटं. अशा वेळी पद्धत तीच, फक्त उलटी, पण एक अट घालून. क्लीनर किंवा कुणीतरी जाणता माणूस डाव्या मागच्या कोपऱ्यापासून आठ-दहा फूट लांब, आणि डाव्या आरशात दिसेल असा उभा पाहिजे. तो आरशातून गेला की गाडी जागच्या जागी थांबली पाहिजे. "असेल तिकडेच" हा विचार करून एक फूटही मागे घ्यायची नाही.

बाकी, दर वेळी खाली उतरून बघा. गाडी अर्धी आत आली की हँडब्रेक ओढा, उतरा, डावीकडे चालत जा, अंतर हाताने मोजा, परत चढा. यात लाज कसली? मी अजूनही उतरतो. उतरलेल्या माणसाच्या हातून नुकसान झालेलं मी फार क्वचित पाहिलंय.

क्लीनर ओरडतो, तरी लागते

ओरडण्यावर गाडी लावणं बंद करा. "आन दे" आणि "बस" हे दोन्ही शब्द इंजिनाच्या आवाजात, बाजूच्या हॉर्नमध्ये, भोंग्यात मिसळून जातात. शिवाय आजूबाजूचा प्रत्येक माणूस मदतीला येतो आणि तोही ओरडतो. चार जण चार गोष्टी सांगतात, ड्रायव्हर पाचवी करतो.

आमच्याकडे शिट्टी आहे. एक शिट्टी थांब, दोन शिट्ट्या चल. बेस्टच्या बसमध्ये एक घंटी थांबायची, दोन घंट्या निघायच्या, हे मुंबईत लहान पोरालाही ठाऊक असतं, म्हणून ही खूण वेगळी शिकवावी लागत नाही. शिट्टी एकाच माणसाच्या तोंडात. दुसऱ्या कुणी थांब म्हटलं तर थांबायचं, पण चल म्हणायचा हक्क एकट्या शिट्टीवाल्याचा. बॉडीवर थाप मारत गाडीबरोबर चालायची सवय मी बंद केली, कारण थाप मारणारा हात चालत्या चाकापासून वीतभर अंतरावर असतो.

क्लीनरच्या हातात मोबाईल नको. आणि तो गाडीच्या बरोबर मागे कधीच उभा नको, फलाट जवळ असताना तर नकोच नको.

गोदामाचा फलाट

हा भाग मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. यार्डात लागलं तर पत्रा वाकतो. फलाटाला लागताना मध्ये माणूस असतो.

कॉटन ग्रीनकडच्या एका जुन्या गोदामात मी माल उतरवायला गेलो होतो. पाऊस नुकताच थांबला होता, फलाटाच्या कडेला ताडपत्री पडलेली. मी मागे घेत होतो, क्लीनर उजवीकडे. शेवटचे तीन-चार फूट राहिले असताना मला आरशात फक्त ताडपत्रीचं टोक हललेलं दिसलं. वाऱ्याने हललं असेल असं वाटून गेलं, तरी पाय आपोआप ब्रेकवर गेला. उतरून पाहिलं तर एक माथाडी खाली वाकून, फलाट आणि माझ्या फाळक्याच्या मध्ये उभा राहून ती ताडपत्री ओढत होता. त्याला वाटलं गाडी लावून झाली. माझ्या क्लीनरला तो दिसत नव्हता, कारण त्याच्या आणि माणसाच्या मध्ये गाडीचा कोपरा होता. मी आणि तो माथाडी एकमेकांकडे बघत राहिलो. त्याच्या बनियनवर ताडपत्रीचं पाणी गळत होतं. मग तो काही न बोलता वर चढला.

माथाडींसाठी महाराष्ट्रात १९६९ साली कायदा झाला, त्यांच्या मजुरीला आणि कामाला आधार आला. पण गाडी आणि फलाट यांच्यातल्या त्या दोन फुटांत कायदा पोचत नाही, तिथे ड्रायव्हरचा पाय पोचतो. त्या दिवसापासून मी फलाटाच्या दहा फूट आधी गाडी पूर्ण थांबवतो, उतरतो, मुकादमाला गाठतो आणि विचारतो, "सगळी माणसं वर आहेत ना?" तो मोजून "आहेत" म्हणाला की मगच उरलेले दहा फूट. कुणी म्हणेल वेळ जातो. जाऊ दे.

फलाटाजवळ दोन गोष्टी आणखी बिघडतात. एक, जमिनीचा उतार. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून बरेचदा फलाटापुढची जमीन एका बाजूला कललेली असते. चाकं खाली कललेली म्हणजे बॉडीचा माथा त्या बाजूला आणखी झुकलेला. टायर भिंतीपासून दीड फूट असतो आणि वरचा कोपरा छपराच्या पत्र्याला टेकलेला असतो. म्हणून उतरल्यावर वरही बघा, नुसतं चाकाकडे बघून भागत नाही. हाय क्यूब कंटेनर असेल तर आणखी जपून, तो नेहमीच्या साडेआठ फुटीपेक्षा एक फूट उंच असतो.

दुसरी गोष्ट, कंटेनरचे दरवाजे. ते बाहेर उघडतात. फलाटाला चिकटवल्यावर आठवण झाली तर गाडी परत पुढे काढावी लागते, आणि घाईत काढलेली ती खेप हमखास वाकडी जाते. आधी लांब थांबून सील दाखवा, दरवाजे उघडा, पूर्ण फिरवून बाजूला अडकवा, मगच मागे घ्या.

ट्रेलर

चाळीस फुटी कंटेनरवाल्या ट्रेलरला वेगळं लिहायला हवं, इथे एवढंच सांगतो. जोडगाडी नियमाने १८.७५ मीटरपर्यंत असते आणि मध्ये सांधा असल्यामुळे सगळं उलटं होतं. घोड्याचं, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीचं, स्टेअरिंग डावीकडे तर ट्रेलरचं टोक उजवीकडे. डोक्यात गोंधळ होत असेल तर स्टेअरिंग खालच्या बाजूने धरा. खाली धरलेला हात ज्या बाजूला सरकेल त्या बाजूला ट्रेलरचं टोक जाईल. थोडंच फिरवा, ट्रेलरने ऐकायची वाट बघा, आणि तो वळायला लागला की लगेच घोडा त्याच्यामागे न्या. आरशात ट्रेलरची एकच बाजू दिसायला लागली आणि दुसरी गायब झाली तर कोन हाताबाहेर चाललाय. तिथे मागे घेऊन सुधारायला जाऊ नका, ट्रेलर आणखी मोडेल आणि केबिनच्या पाठीला येऊन भिडेल. पुढे ओढा, सरळ करा, नव्याने सुरू करा.

सगळं बरोबर करूनही तिरकीच जाते

मग गाडी तपासा. आधी आरसे. दोन्ही आरशांत बॉडीची बारीक पट्टी आणि मागचा टायर जमिनीला जिथे टेकतो ती जागा दिसली पाहिजे. एका आरशात बॉडी जास्त आणि दुसऱ्यात कमी दिसत असेल तर माणूस नकळत गाडी एका बाजूला ओढतो. दुसऱ्या ड्रायव्हरची गाडी घेतलीत तर चावी फिरवायच्या आधी आरसे. बाहेरगोल आरशात सगळं लहान आणि लांब दिसतं, त्यावर अंतर ठरवू नका. तो फक्त माणूस आहे का ते बघायला.

मग ॲक्सल. याला पावसाळ्यातली एक सोपी तपासणी आहे. साचलेल्या पाण्यातून गाडी सरळ काढा, कोरड्या रस्त्यावर वीस-तीस फूट चालवा आणि उतरून ओल्या रेघा बघा. मागे जोड टायर असल्यामुळे मागची रेघ पुढच्यापेक्षा बाहेर जाते, ते बरोबर आहे, पण दोन्ही बाजूंना सारखीच बाहेर गेली पाहिजे. एका बाजूला चार बोटं जास्त आणि दुसरीकडे कमी, म्हणजे मागचा ॲक्सल सरकलाय. ॲक्सल पाट्यांना (स्प्रिंगच्या पट्ट्यांना) बांधणारे यू-बोल्ट ढिले झाले असतील किंवा पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला असेल. आमच्या एका बारा चाकीचा ड्रायव्हर दोन महिने शिव्या खात होता, गाडी लावता येत नाही म्हणून. तपासलं तर सेंटर बोल्ट तुटलेला निघाला. तो पोरगा चांगला हात असलेला होता आणि आम्ही त्यालाच बोल लावत होतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

लिफ्ट ॲक्सल (वर उचलता येणारा जादा ॲक्सल) असेल आणि गाडी रिकामी असेल तर तो उचलून घ्या, टायर घासटून वळायला अडणार नाहीत. उभ्या जागी स्टेअरिंग फिरवू नका, गाडी किंचित चालती ठेवून फिरवा. टायर आणि स्टेअरिंगचे जोड दोन्ही वाचतात. आणि ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवा. पुढे-मागे करताना ब्रेक सारखा दाबला जातो, इंजिन आयडलिंगवर असतं, हवा भरण्यापेक्षा खर्च जास्त होते. काटा उतरायला लागला किंवा क्लचचा जळका वास आला की थांबा, न्यूट्रल करा, पाच मिनिटं श्वास घ्या. ड्रायव्हरनेही आणि गाडीनेही.

लावून झाल्यावर

पुढची चाकं सरळ करून मगच इंजिन बंद करा, म्हणजे सकाळी निघताना गाडी सुरू करताच एका बाजूला उडी घेणार नाही. हँडब्रेक, गियर, आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. माल चढता-उतरताना गाडी हलते, दगड निसटतो, ठोकळा धरतो. फलाटाला असाल तर चावी मुकादमाच्या हातात द्या. शेवटचा माणूस बॉडीतून उतरला की तो परत देईल. चावी खिशात असली की "झालं" असं कुणीतरी ओरडतं, माणूस गाडी पुढे काढतो, आणि आत एक जण पोती सरकवत उभा असतो.

नव्या पोरांना घेऊन आम्ही रविवारी सकाळी सात वाजता बसतो, यार्ड रिकामं असतं तेव्हा. चुन्याने ३.५ मीटरची पट्टी आखतो, चार कोपऱ्यांवर जुनी टायरं ठेवतो. पहिले दोन रविवार रिव्हर्स गियर टाकायचाच नाही. पुढून यायचं, कोनात उभं राहायचं, उतरायचं, आपण उभी केलेली गाडी मागून बघायची आणि परत फिरून यायचं. पावसात चुना धुऊन जातो, पण तोवर बहुतेकांना पट्टी न आखताही दिसायला लागलेली असते.